मळईतला मका आणि न आलेले कावळे

मक्याचं शेत खाल्लं जाताना आवाज होतो, हे मला लग्न होईपर्यंत माहीत नव्हतं. मी जळगावच्या पिंप्राळ्यात वाढलेली. मका म्हणजे पावसाळ्यात हातगाडीवर भाजून मिळणारं कणीस, त्याला लिंबू आणि मीठ, एवढीच माझी त्याच्याशी ओळख. तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला ती सकाळ मला अजून जशीच्या तशी आठवते. सुपात बाजरी घोळवावी तसा बारीक, एकसारखा, न थांबणारा आवाज. मला वाटलं पाऊस भुरभुरतोय. वर पाहिलं तर आभाळ स्वच्छ होतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. माझं लग्न होऊन पहिलंच वर्ष. सासर पाचोऱ्याच्या बाजूला, गिरणाकाठच्या एका खेड्यात. घरात सासू, सासरे, पाचोऱ्याला नोकरीला जाणारा माझा नवरा आणि सासऱ्यांची मोठी बहीण. तिला सगळं गाव अक्का म्हणायचं, मीही म्हणू लागले. अक्काला धुळ्याकडे दिलं होतं. नवऱ्यानं दुसरी आणली तेव्हा ती भांडली नाही, रडली नाही, आपली पत्र्याची पेटी उचलून माहेरी आली. त्याला बरीच वर्षं झाली होती. तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. मी पहिल्यांदा चुलीवर भाकरी थापली तेव्हा ती परातीकडे बघत म्हणाली होती, "हाई भाकर शे का जळगावना नकाशा?" मी चिडले, मग हसले, आणि तिथून आमचं जमलं.

अक्काच्या बाबतीत घरात एकच गोष्ट अडून होती, ती म्हणजे तिची सही. सासऱ्यांचे वडील वारल्यावर जमिनीला भावाबरोबर बहिणीचंही नाव लागलं. आमच्याकडे अशा वेळी बहीण हक्कसोड करून देते. म्हणजे कचेरीत जाऊन सही करते की मला यातलं काही नको. मग भाऊ तिला साडी घेतो आणि माहेरचं दार उघडं राहतं. सगळ्या बहिणी करतात. मीही केली होती, लग्नाच्या आधीच्या आठवड्यात; आई गेल्यावर तिच्या जमिनीला माझंही नाव लागलं होतं. वडील जळगावात एका टेबलापाशी घेऊन गेले, "इथे कर," म्हणाले, मी केली. येताना आम्ही पेढे आणले. त्यात काही विचार करण्यासारखं असतं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. अक्कानं मात्र केली नव्हती. कुणी विषय काढला की ती म्हणायची, "माले सासरनं दार बंद शे. माहेरनंबी मीच बंद करू का?"

त्या वर्षी श्रावणात कानबाई बसल्या, हा आमच्या खानदेशातला देवीचा सण, नैवेद्याचे रोट झाले, आणि कानबाईला नदीवर पोचवून आलो त्याच आठवड्यात गिरणेला पूर आला. नदीकाठच्या आमच्या पट्ट्यात कापूस होता, तो धुऊन गेला. पाणी ओसरल्यावर उरला तो गुळगुळीत काळा गाळ. अशा गाळाच्या जमिनीला मळई म्हणतात. सासरे काठावर उभे राहून बघत होते आणि त्यांचा चेहरा बघवत नव्हता. अक्का मात्र चपला काढून गाळात उतरली. मूठभर गाळ उचलून तिनं बोटांनी कुस्करला, नाकाशी नेला, आणि माझ्याकडे बघून हसली. लोणी मिळाल्यासारखी.

राखीच्या दिवशी सासऱ्यांच्या हाताला राखी बांधताना तिनं सगळ्यांसमोर मागणं घातलं. "भाऊ, मळई माले दे. मी मका पेरसू."

सासरे कठोर माणूस नव्हते. बहिणीवर त्यांचा जीव होता. जेवायला बसताना "अक्का जेवनी का?" हे त्यांचं पहिलं वाक्य असायचं. पण जमीन म्हटलं की आमच्याकडच्या पुरुषांच्या चेहऱ्यावर एक कडी बसते, ती बसली. ते म्हणाले, मका घरात आला तर मळई तुझी, तुझ्या नावावर करतो. नाही आला तर दिवाळीनंतर कचेरीत चल आणि सही कर. अक्का म्हणाली, "चालस." सासूनं कपाळाला हात लावला.

गाळाला वापसा आला, म्हणजे तो पेरण्याइतका सुकला, तशी अक्कानं पेरणी केली. आणि काय मका उगवला म्हणून सांगू! सकाळी बघावा तर संध्याकाळी वेगळा दिसे. मी दुपारची भाकरी घेऊन जायची आणि बांधावर बसून उगीचच बघत राहायची. पोळा झाला, गणपती आले नि गेले, मका गुडघ्याच्या वर आला. मधल्या पोंग्यात, म्हणजे जिथून नवं पान गुंडाळीतून वर निघतं तिथं, दव साठून राहायचं. अक्का म्हणायची, घर बांधीन मळईच्या वरच्या अंगाला, एकाच खोलीचं, पण चूल माझी. माझ्या चुलीवर तुला जेवायला बोलावीन आणि नकाशे खाऊ घालीन. ती अशी चेष्टा करू लागली की समजावं, आज खूश आहे.

पितृपक्ष लागायच्या सुमारास तिला काही पानांवर भोकं दिसली. नाकतोडे असतील म्हणाली. मग घरात श्राद्धाची गडबड सुरू झाली. सासऱ्यांच्या वडिलांची तिथी म्हणजे आमच्याकडे मोठं काम. सारवणं, दळणं, भाऊबंदांना सांगणं. त्या एकदोन दिवसांत मळईकडे कुणाचंच जाणं झालं नाही. अक्काचंही नाही, कारण बापाच्या जेवणातले वडे तिच्याच हातचे व्हायचे.

तिथीच्या दिवशी दुपारी पान वाढलं. खीर, कढी, वडे, भोपळ्याची भाजी. सासरे पान घेऊन धाब्यावर गेले. आमचं घर धाब्याचं, मातीच्या सपाट छताचं. त्यांनी पाणी फिरवलं, हात जोडले आणि हाक मारली, "काव, काव!"

कावळा आला नाही.

कधी लागतो वेळ, म्हणून सगळे खाली अंगणात थांबले. सासऱ्यांनी पुन्हा हाक मारली. शेजारच्या घरांच्या धाब्यांवरूनही हाका येत होत्या, कारण त्या तिथीला गावात आणखी घरांत श्राद्ध होतं. त्यांच्याकडेही कावळा नव्हता. एरवी उन्हात वाळत घातलेल्या सांडग्यांवर झडप घालणारे, पोरांच्या हातातली भाकरी पळवणारे कावळे, आणि आज गावात औषधालाही एक नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा आभाळाकडे बघून घाबरले. रिकामं आभाळ इतकं वाईट दिसतं हे मला ठाऊक नव्हतं.

खीर सुकायला लागली. जेवणं खोळंबली. भाऊबंद कुजबुजू लागले. आमच्याकडे कावळा शिवला नाही की गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली असं धरतात, मग घरचे एकेक जण पुढे होऊन कबूल करतात, अमुक करीन, तमुक सांभाळीन. कबूल केलं की कावळा येतो. सासऱ्यांनी सगळं कबूल करून बघितलं. देवळाला घंटा देईन, गाय पाळीन. काही नाही. त्यांच्या कपाळावर घाम होता. मग ते धाब्यावरून खाली वाकले, आणि त्यांचा आवाज मला ओळखू येईना.

"अक्का, बाप नाराज शे. तू बोल. तुनासाठे थांबेल शे तो."

प्रत्येकाला कळलं कशाबद्दल. माझ्या मनात आलं, अक्का आता एक सणसणीत उत्तर देईल. मी त्याचीच वाट बघत होते. पण ती शिडी चढून धाब्यावर गेली. पानासमोर उभी राहिली. तिचा बापावर फार जीव होता. सासरहून पेटी घेऊन आली तेव्हा दारात एक अक्षर न विचारता पेटी आत नेणारा तोच होता, हे तिनं मला कितीदा सांगितलं होतं. ती हात जोडून वर बघत म्हणाली, "बाबा, मी सही करसू. आते घास ले."

कावळा आला नाही.

"मन लाईसन बोल," सासरे म्हणाले.

मला इतका राग आला की मी पदर दातात धरला. नवी सून, बोलणार काय! अक्कानं पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. मळई नको, काही नको, सही करीन. तिचा आवाज शेजारच्या धाब्यांवर ऐकू गेला असेल. सगळ्या गावानं ऐकलं, फक्त कावळ्यानं ऐकलं नाही. शेवटी पान गाईला घातलं आणि आम्ही जेवायला बसलो. कढी गार झाली होती. अक्का जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का मला म्हणाली, चल, जरा मळईत जाऊन येऊ. मका बघावा, आता आपला नसला तरी. मी तिच्यामागे निघाले. नदीची वाट उतरू लागलो तसा कलकलाट ऐकू आला. मळईवर पाखरं होती. कावळे, साळुंक्या, बगळे. कावळे तर इतके की बांध काळा दिसत होता. आम्हाला बघून उडाले नाहीत. काही उडताच येत नाही असे जडपणानं बाजूला सरकले. आणि त्या कलकलाटाखालून तो आवाज येत होता, सुपातल्या बाजरीचा.

मी खाली बघितलं. वाट हलत होती.

अळ्या होत्या. हिरवट काळ्या, अंगावर पट्टे, करंगळीएवढ्या. मोजायचा प्रश्नच नव्हता, जमीनच दिसत नव्हती. सगळ्या एकाच दिशेनं चालल्या होत्या, मळईतून शेजारच्या ज्वारीकडे, एकीच्या अंगावरून दुसरी, आणि थांबत एकही नव्हती. माझ्या पायावर चढल्या. मी किंचाळले. मागे सरले तर चपलेखाली पचपच झालं आणि मी घसरून त्यांच्यातच बसले. साडीवर, हातावर, मानेवर. अक्कानं मला दंडाला धरून उठवलं, पण ती माझ्याकडे बघत नव्हती.

मका नव्हता. काड्या होत्या. पानांचा हिरवा भाग सगळा गेलेला, मधली शीर तेवढी उभी, जळालेल्या छत्रीच्या काड्यांसारखी. प्रत्येक पोंग्यात लेंड्यांचा लगदा. हवेला हिरवट, आंबूस वास. परवापर्यंत हा मका माझ्या कमरेला लागत होता हो, यात दव साठत होतं! मी रडले नाही, काही नाही, तोंड उघडं टाकून उभी राहिले. एक अळी एका शिरेवर चढून उरलासुरला काठ कुरतडत होती, आणि मी तिच्याकडे बघत होते, जणू ती थांबली तर सगळं परत येईल.

अक्का बांधावरच्या कावळ्यांकडे बघत होती. एक कावळा एकामागून एक अळी गिळत होता, मग चोच मातीत पुसून पुन्हा गिळत होता. बघता बघता तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उलटं फिरलं. ती मटकन बांधावर बसली.

"कावया आठे व्हतात," ती म्हणाली. मग ओरडली, "बठ्ठा कावया आठे व्हतात! मना बाप नाराज नव्हता व माय. कावयास्नं पोट भरेल व्हतं!"

तिचं हसू आणि रडू एकदमच आलं. मला ते ऐकवेना. बापाच्या नावानं भरल्या गावासमोर तिच्याकडून शब्द घेतला, आणि ज्याच्यासाठी घेतला तो कावळा इथं तिचाच मका खाणाऱ्या अळ्या खाऊन सुस्त झाला होता. घरात कुणाला कळलं असतं की कावळे गेले कुठे, कुणी जरा नदीकडे बघायला गेलं असतं, तर अळ्यांशी लढायला निदान एक दिवस हाताशी आला असता. पण आम्ही सगळे माना वर करून बापाची इच्छा शोधत बसलो होतो.

सासरे धावत आले. "अक्का, हाई काय व्हयनं?" एवढंच म्हणाले. मग सगळा गाव लोटला. ज्वारीच्या बांधाला चर खणला, त्यात बीएचसी ही कीड मारायची पावडर टाकली. फडक्यात पावडर बांधून आम्ही बायकांनी ती झटकली, हाताची आग आग झाली. अळ्या चरात पडत होत्या, पडलेल्यांच्या अंगावरून मागच्या पुढे जात होत्या. बैल आणले तर ते पाय टाकेनात. संध्याकाळपर्यंत चर अर्धा भरला. नंतर नवऱ्यानं पाचोऱ्याच्या औषधांच्या दुकानात विचारलं, तेव्हा कळलं तिला लष्करी अळी म्हणतात. पूर गेला की अशा जमिनीत येते म्हणे. उरल्यासुरल्या दोनचार दिवसांत मातीत गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. जशा आल्या तशाच, कुणाला न विचारता.

मी सासऱ्यांना कावळ्यांचं सांगितलं. धीर करून, डोक्यावर पदर घेऊन. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, असेलही. पण शब्द बापाला दिलाय. तो कशामुळे दिला, याला काय अर्थ? गेलेल्या माणसाला दिलेला शब्द मला कसा सोडता येईल? ते खोटं बोलत नव्हते. ते खरंच भीत होते. मला त्यांचा राग आला आणि दयाही आली, आणि दोन्हीचा काही उपयोग नव्हता.

आठवडाभरात त्यांनी वखर जुंपायला सांगितला. "आते काय राह्यनं तठे? काड्या. वखर फिराई देऊ, दादर पेरू." दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. वखर फिरला, काड्या उपटल्या गेल्या, मळई काळी झाली. नदीच्या बाजूला मात्र गाळ अजून ओला होता, तिथं बैल रुतू लागले. म्हणून त्या अंगाच्या थोड्या ओळी तशाच सोडल्या, नंतर बघू म्हणून.

त्या ओळींकडे अक्का का जात राहिली, मला ठाऊक नाही. एके दिवशी तिनं मला ओढतच नेलं. एका काडीच्या टोकाला, पोंग्यातून, बोटभर पान वर आलं होतं. कोवळं, पोपटी. शेजारच्या काडीलाही. त्याच्या शेजारच्याही. अक्कानं विळ्यानं मक्याचं एक ताट, म्हणजे धाट, जमिनीजवळ उभं चिरलं आणि माझ्यासमोर धरलं. आत पांढराशुभ्र, ओला कोंब होता. अळ्यांचं तोंड तिथवर पोचलंच नव्हतं.

"हाई देख. पोंगा जित्ता शे."

मग आम्ही दोघींनी एकदमच मागे वळून बघितलं. वखरलेली, सपाट, काळी मळई. तिथली सगळी ताटं अशीच जिवंत होती. आम्ही मेली म्हणून उपटून टाकली. अळ्यांनी खाल्लं त्याचा धक्का एक, आणि हा एक. हा जास्त बसला, कारण हे आम्ही केलं होतं, चांगल्या मनानं, भर दिवसा. अक्कानं ते चिरलेलं ताट पदरात गुंडाळलं आणि घराची वाट धरली.

तिनं भावाला ते दाखवलं नाही. मी विचारलं, सांगत का नाही? म्हणाली, आता सांगून काय, वखर मागे फिरतो का? तिनं त्या ओळींना पाणी दिलं, भर लावली, सकाळ-संध्याकाळ एकेक पोंगा उघडून बघितला. आणि दसऱ्यापासून तिला एक नवी सवय लागली. सकाळची पहिली भाकरी झाली की तिचा तुकडा घेऊन धाब्यावर जायची, कडेला ठेवायची आणि "काव काव" म्हणायची. सासूला बरं वाटलं. "बापनी याद येस तिले," ती मला म्हणाली. मलाही तसंच वाटलं.

दिवाळी उशिरा होती त्या वर्षी. भाऊबीजेला सकाळी सासरे पाटावर बसले. कोरं धोतर, डोक्याला टोपी. दुसऱ्या दिवशी कचेरीत जायचं ठरलं होतं. कुणी बोललं नव्हतं, पण अक्काची पेटी उघडलेली मी पाहिली, बाहेर जायचं लुगडं वर काढून ठेवलेलं. ती ताट घेऊन आली. निरांजन, कुंकू, सुपारी, आणि बाजूला दोन कणसं. आखूड, टोकाला दाणे न भरलेली, केस अजून ओले. तिनं एकावरची सालं सोलून मागे केली होती. दाणे दुधाच्या दातांसारखे होते, मध्ये मध्ये फटी.

सासऱ्यांनी कणसाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"मका घरमा उना का नही, भाऊ?"

त्यांनी ताटातल्या कणसाच्या फटींवरून बोट फिरवलं. त्यांना आठवत होतं वखर कुणी फिरवायला सांगितला ते. "उना," ते म्हणाले, अगदी हळू.

अक्कानं ओवाळलं. त्यांनी ताटात लुगडं ठेवायला हात पुढे केला, तो तिनं अडवला. "यंदा माले लुगडं नको. मना शबद माले परत दे."

"तू शबद माले नही दिन्हा, अक्का. बापले दिन्हा." त्यांचे डोळे भरले होते. "मी कसा देऊ?"

"मंग बापलेच इचारू."

तिनं सोललेलं कणीस उचललं आणि शिडीकडे निघाली. सासरे मागोमाग, आम्ही सगळे त्यांच्यामागे. तिनं कणीस धाब्याच्या कडेला ठेवलं, हात जोडले. "बाबा, हाऊ मना मका. मळई ठेवू ना? ठेवू तर घास ले." आणि हाक मारली. "काव!"

दुसरी हाक मारावीच लागली नाही. कडुलिंबावरून एक कावळा सरळ उतरला, कणसावर बसला, दाण्यांत चोच खुपसली. दुसरा आला, तिसरा आला. कणसावरून त्यांची भांडणं लागली. सासऱ्यांनी टोपी काढली, हात जोडले, आणि लहान मुलासारखे रडले. "शबदमाईन सोडं," ते म्हणाले. "बापनी सोडं तुले." मग बहिणीचे पाय धरायला वाकले, तिनं वरचेवर धरलं. मळईत पेरलेली दादरसुद्धा तिचीच, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

माझ्या अंगावर काटा आला होता, खोटं कशाला सांगू? मग माझी नजर धाब्याच्या त्या कडेकडे गेली. दसऱ्यापासून रोज भाकरीचा तुकडा तिथंच, त्याच जागी, याच वेळी ठेवला जात होता. आणि आज सकाळी तो ठेवला नव्हता. चुलीजवळ मीच होते, पहिली भाकरी पूर्ण डब्यात गेलेली मी पाहिली होती. मी अक्काकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती.

खाली आल्यावर स्वयंपाकघरात दोघीच होतो. ती चुलीत लाकूड सारत म्हणाली, "त्याले भूक लागेल व्हती, बस." आणि मग, "त्या दिनबी बापनी काय सांगं व्हतं? तव्हय पोट भरेल व्हतं. आज रिकामं शे."

दुसऱ्या दिवशी, एक दिवस उशिरानं, मी माझी भाऊबीज करायला पिंप्राळ्याला गेले. नवरा बसस्टँडपर्यंत सोडायला आला होता. माझ्या दोघा भावांना ओवाळलं. त्यांनी साडी दिली, जांभळ्या काठाची, महागातली. वडील कौतुकानं बघत होते. दुपारी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, तर कठड्यावर कावळा बसला होता. मान वाकडी करून माझ्याकडे बघत होता. मी खाली जाऊन पोळीचा तुकडा आणला आणि त्याच्यासमोर ठेवला. त्यानं तो लगेच घेतला. त्याला काहीतरी विचारावं असं फार वाटलं, पण माझी सही तर पेढ्यांबरोबर कधीच होऊन गेली होती.